कुंपणावरचं पोतं

मु. आंबेखिंड, पेटा खालापूर
ता. ९ एप्रिल १८७२

दोस्त इसाक यास येसाजी पाटलाचा रामराम. हे पत्र तुझ्या आधी तुरुंगातले मुनशीसाहेब वाचणार, म्हणून त्यांनाही रामराम. मुनशीसाहेब, अक्षर बघून घ्या. असं वळणदार मोडी तालुक्याच्या कचेरीतही कुणाचं नाही, असं खुद्द मामलेदारसाहेब म्हणालेले आहेत.

इसाक, तुला नेऊन आज सोळा दिवस झाले. आपलं बोलणं दिवाळीपासून बंद आहे हे मी विसरलेलो नाही. पण ते भांडण घरचं आणि हे प्रकरण सरकारचं. घरचं भांडण मुनशीसाहेबांपुढे उकरण्यात अर्थ नाही. तुझे बैल मी माझ्या गोठ्यात आणून बांधलेत, एवढं तुला कळावं. पवळ्या खातोपितो. चांद्यानं दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही. बोरघाट चढलेला बैल, त्याला परक्याची दावण कशी रुचणार? तिसऱ्या दिवशी मी त्याला तुझी ती नेहमीची शिवी हासडली, तेव्हा कुठे खायला लागला.

आता मुद्द्याचं. माघात तिकडे अंदमानात एका पठाण कैद्यानं लाटसाहेबांना भोसकलं आणि इकडे आमच्या खालापूर पेट्यात सरकारची झोप उडाली. त्या पठाणाचा आणि तुझा संबंध काय, तर दोघांचा अल्ला एक. तेवढा पुरला. मुसलमान लोक गावात काय गोळा करतात, कोणाला देतात, सरहद्दीवरच्या बंडखोरांना तर जात नाही ना, असे सवाल लिहिलेला कागद पोलीस पाटलांकडे आला. माझ्याकडेही आला. मी जबाब लिहिले. पाटीलकी आहे, लिहावेच लागतात.

मुठीच्या मडक्याचं मी खरं तेच लिहिलं. तुझ्या आईनं घालून दिलेला नेम आहे. गावच्या चौदा मुसलमान घरांत भात शिजत घालण्याआधी बाया एक मूठ तांदूळ चुलीशेजारच्या मडक्यात टाकतात, आणि दर जुम्मेरातीला तू तो गोळा करतोस. यात लपवण्यासारखं काही नाही, सारं गाव जाणतं. पुढे तो पोत्यांत भरून तू गाडीतून कुठे नेतोस, हे तू कधी कुणाला सांगितलं नाहीस. त्यात फौजदाराच्या डोळ्यांत ती कुंपणावरची रिकामी पोती भरली. ज्या वाडीला जावं तिथे कुठल्या तरी घराच्या कुंपणावर एक पोतं टांगलेलं. फौजदार सत्तावन्न सालचा माणूस. बंडाआधी गावोगाव चपात्या फिरल्या होत्या, तशीच ही पोतीही कसली तरी खूण, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. दोन पायली तांदळावर राज्य उलथायला निघालेला माणूस म्हणून तुझं नाव झालं आहे. एरवी तू हसून लोळला असतास.

माझं ऐक. कुणाकुणाला तांदूळ दिलास ती नावं साहेबाला सांग आणि सुटून ये. सगळीच सांगायला हवीत असं नाही. चार-पाच पुरेत. लांबच्या वाड्यांवरची सांग. एखादं राहिलं म्हणून कुणी विचारणार नाही.

येसाजी


ता. ११ जून १८७२

इसाक,

तुझं पत्र पोचलं. चार ओळींसाठी सरकारनं दीड महिना घेतला. ‘बैलांना पेंड घाल. हलिमाला सांग, मडकं बंद करू नको. नावं मी सांगणार नाही. ज्याला दिलं त्याची मान खाली जाऊ द्यायची नाही असा आईचा शब्द आहे. ज्याला सांगायचं असेल तो आपल्या तोंडानं सांगेल.’

शेवटची ओळ कुणासाठी रे? टोमणे मारायची तुझी खोड तुरुंगातही गेली नाही म्हणायची.

हलिमाभाभीला निरोप अजून दिलेला नाही. कारण आहे. फौजदार चार दिवस चावडीत मुक्कामाला होता. मुसलमान आळीत घरोघर शिरून त्यानं मडकी उपडी करायला लावली. तांदूळ निघाले. एका मडक्यात तांदळाबरोबर सुपारी निघाली, तर ती कागदात बांधून नेली. तो गेल्यावर बायांनी आपापली मडकी फोडून टाकली. हलिमाभाभीनं फोडलं नाही. विहिरीवर नेऊन धुतलं आणि परसात पालथं घातलं. अशा वेळी ‘बंद करू नको’ असं पोलीस पाटलानं जाऊन सांगायचं म्हणजे शेजारच्याचं घर जळत असताना विडी मागण्यासारखं आहे. जरा थंड होऊ दे, सांगतो.

चावडीवर आबाजी मुंबईचं वर्तमानपत्र वाचून दाखवतो. सरहद्दीवर बंडखोरांना दाणागोटा हिंदुस्थानातून जातो असं त्यात आलं होतं. झालं! तुझ्या गाडीतून वीस वर्षं फुकट बाजाराला गेलेली माणसं मान डोलवायला लागली. “आसंल बाबा. येवडा तांदूळ जातो कुटं मग? आनि सांगत का नाय? खाई त्याला खवखवे.” मी गप्प बसलो. पाटलानं एका बाजूनं बोलू नये.

फौजदार वाड्यांवरही गेला. तो पोचायच्या आत कुंपणावरची सगळी पोती गवताच्या गंजीत गेली होती. जो तो हात जोडून म्हणाला, “आमी कुनाचं कायबी खाल्लं नाय, सायेब.” भ्याली माणसं. मी त्यांना दोष देत नाही.

एकच पोतं राहिलं होतं, चंद्राबाईचं. मुनशीसाहेबांच्या माहितीसाठी लिहितो: चंद्राबाई ही माझा मयत थोरला भाऊ भिवाजी याची बायको. दोन मुली घेऊन गावाबाहेर आमच्या जुन्या गोठ्यात वेगळी राहते. तिची मर्जी. फौजदाराची पाठ वळली आणि ती चावडीवर आली, पदर खोचलेला, हातात ते रिकामं पोतं.

“भावजी, लिवा,” म्हणाली. “इसाकभाईनं तांदूळ मला दिला. रिकामं पोतं कुंपनावर म्हंजे चूल थंड हाय. मंग कंदीतरी भर दुपारी, वाडी शेतावर गेली का, दारामागं भरलेलं पोतं येऊन पडतं. कोन आनतं आमी बगत नाय, आनि त्यो दावत नाय. घर सावरलं का त्यात आपली येक मूठ घालून पोतं परत करायचं. येवढंच हाय ह्ये. लिवा.”

असं ती म्हणते. बाई रागानं बोलते हे मुनशीसाहेबांनी ध्यानात घ्यावं. पाटलाच्या घरची सून मशिदीच्या खैरातीवर जगते, असं कोण मानील? मी म्हटलं, वहिनी, घरी जा, चार माणसांत शोभत नाही. ती गेली नाही. पोतं माझ्यापुढे धरून म्हणाली, “मंग कोन सांगनार? तुमी?”

चावडीवर सगळे खाली बघत होते. तेवढ्यात वारा सुटला आणि माझे कागद उडाले, ते गोळा करण्यात विषय राहिला.

येसाजी


ता. ३० ऑगस्ट १८७२

इसाक,

तुझा जबाब नाही. पावसानं टपाल रखडलं असेल असं धरून चालतो. चांद्याच्या खुरांना चिखल्या झाल्या होत्या, आता बऱ्या आहेत.

चंद्रावहिनी तालुक्याला जाऊन आली. लावणी उरकली त्या आठवड्यात, डोक्यावर इरलं, धाकटी जना कडेवर, थोरल्या मैनाला चालवत. नदी दुथडी होती, पण होडीवाल्यानं फुकट उतरवलं म्हणतात. कचेरीच्या ओसरीवर दोन दिवस बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मामलेदारसाहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, पोतं हातात घेऊन पाहिलंसुद्धा. मग शिरस्त्याप्रमाणे कागद माझ्याकडे आला: सदर बाई सांगते ते खरे काय, पोलीस पाटलाने कळवावे.

मी कळवलं. काय कळवलं ते सरकारी काम आहे, पत्रातून लिहिता येत नाही. पुढे काही झालं नाही, एवढं तुला कळावं.

हल्ली गावातले लोक तिला वेडी चंद्रा म्हणतात. कुठून उठलं कोण जाणे. ती ऐकून घेते आणि पुण्याच्या सडकेवर खडी फोडायला जाते. परवा पाणवठ्यावर माझी बायको तिच्याशी बोलायला गेली, तर तिनं एवढंच विचारलं, “अंबे, भावजी जेवत्यात का गं नीट?” अंबाबाईनं घरी येऊन मला सांगितलं आणि त्या दिवशी ती स्वतःच जेवली नाही. बायकांचं काही कळत नाही.

हलिमाभाभीकडे जायचं राहिलंच आहे. तिच्या दारावरून गेलो की ती ओट्यावर उभी असते, मी काहीतरी सांगेन म्हणून. मला त्या वेळी नेमकी घाई असते.

तू नावं सांग ना रे. एकदा सांगून टाक. तुझी आई जाऊन दहा वर्षं झाली. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द जिवंत माणसानं किती पाळायचा?

येसाजी


ता. २४ नोव्हेंबर १८७२

इसाक,

लोधिवलीचा पोशा बोकडाच्या चोरीत तुमच्याकडे होता, तो परवा सुटून आला. मी त्याला मुद्दाम ओटीवर बसवून गूळपाणी दिलं. चोराला पाटलानं गूळपाणी दिलेलं आंबेखिंडीनं पहिल्यांदाच पाहिलं.

तो म्हणाला, “पाटील, इसाकभाई भाकरीचा येक तुकडा पैला बाजूला काडतो. दर टायमाला. बराकीत जो कोन आजारी त्येला देतो. म्या म्हनलं, तुजं पोट भरत नाय आनि ह्ये काय? तर म्हनला, सवय हाय.” मग पोशा म्हणाला, “आता त्यो सोताच आजारी हाय. खोकतो तवा रगत पडतं.”

तो गेल्यावर गोठ्यात गेलो आणि चांद्याच्या वशिंडाला डोकं टेकून उभा राहिलो. बैल बिचारा हलला नाही.

माझी परिस्थिती तुला कळावी. आमच्या सुंदराचं लग्न ठरलं आहे. दहिवलीचे सोयरे आहेत. माणसं वाईट नाहीत, पण नाकानं कांदे सोलणारी. मुलगी पाहायला आले तेव्हा कुळाची चौकशी तीन पिढ्यांपर्यंत केली. भिवाजीची बायको कुठे असते हेही विचारलं. मी म्हटलं, तिचं डोकं फिरलं आहे, वेगळी ठेवली आहे. त्यांनी चुकचुक केली आणि सुपारी फोडली. आता या घडीला मी तोंड उघडलं तर पोर उभ्या हळदीवर घरी राहील. तुझ्या मांडीवर खेळलेली पोर आहे, मला नाही तर तिला बघ.

लग्न १७ डिसेंबरला आहे. ते उरकलं की मी स्वतः बोलतो. काय बोलायचं ते मला ठाऊक आहे आणि तुलाही. तेवीस दिवस. आठ महिने काढलेस, तेवीस दिवस काढ. मी तुझ्याकडे आजवर पुष्कळ मागितलं आणि तू दिलंस. एवढं दे.

येसाजी


ता. २१ डिसेंबर १८७२

मुनशीसाहेब,

आजचं पत्र तुमच्यासाठी आहे. इसाकला यातलं सगळं ठाऊक आहे, तुम्हाला नाही. वाचून झालं की घडी घालू नका, तसंच साहेबांच्या पुढ्यात ठेवा. खाली माझी सही आहे.

सरकारी कागदावर चौथा सवाल होता: कुंपणावर रिकामी पोती टांगतात त्याचा अर्थ काय? मी जबाब लिहिला: अर्थ कळत नाही. तो जबाब खोटा आहे. चंद्राबाईनं चावडीवर सांगितला तोच अर्थ, आणि तो मला तिच्या आधीपासून पक्का ठाऊक होता.

माझा भाऊ भिवाजी पटकीनं गेला. त्याला मुलगा नव्हता, दोन मुली. वर्षाच्या आत मी वहिनीला वेगळं काढलं. नदीकाठचं त्याचं शेत माझ्याकडे ठेवलं, तिला गोठा दिला आणि गावात सांगितलं की तिलाच वेगळं राहायचं आहे. ती कुणाकडे एक शब्द बोलली नाही. गेल्या वर्षीच्या दिवाळीत, पाडव्याला, मी तिच्या कुंपणावर पोतं पाहिलं आणि माझ्या अंगाची आग झाली. ती उपाशी आहे म्हणून नव्हे. ते चार लोकांना दिसतं आहे म्हणून.

मी तडक इसाकच्या अंगणात गेलो. तो बैलांची शिंगं रंगवत बसला होता. मी ओरडलो, माझ्या घरची अब्रू तू कुंपणावर टांगलीस! तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, “येसू, तुज्या गोठ्यात बैलाला पेंड हाय आनि भिवाच्या पोरींला पेज नाय. त्ये पोतं मी टांगलं नाय, तू टांगलंस. तू भर. मी आजपासनं तिकडं फिरकत नाय.”

तू भर, म्हणाला. एवढंच करायचं होतं. माझ्या कणगीत त्या दिवशी भाताला जागा नव्हती. मी त्याला आईवरून शिवी दिली आणि निघून आलो. ज्या आईनं मला लहानपणी इसाकबरोबर एका ताटात वाढलं, त्या आईवरून. आमचं भांडण म्हणतात ते हे.

म्हणून सूड घ्यायला मी तो जबाब लिहिला का? थोडं तसंही आहे. वाटलं, चौकशीचे चार हेलपाटे घालील, जिरेल, परत येईल. आणि अर्थ लिहिला असता तर कुणाकुणाच्या कुंपणावर पोतं आहे हा पुढचा सवाल आलाच असता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मी झाकली. ‘अर्थ कळत नाही’ हे तीन शब्द नीट यावेत म्हणून बोरू दोनदा तासला, हे मला आठवतं. आणखी काही त्या वेळी मनात आल्याचं आठवत नाही.

दुसरा कागद ऑगस्टचा. बाई सांगते ते खरे काय? मी कळवलं: बाईचे चित्त ठिकाणावर नाही, तिच्या बोलण्यावर भरवसा ठेवू नये. तेही खोटं आहे. या गावात तिच्याइतकं शहाणं माणूस नाही. वेडी हा शब्द गावात कुठून उठला ते कोण जाणे असं मी इसाकला लिहिलं होतं. माझ्याच ओटीवरून उठला.

चार दिवसांपूर्वी माझ्या मुलीचं लग्न झालं. नदीकाठच्या शेताचा भात पंगतीला वाढला. वहिनीला बोलावणं गेलं होतं. ती आली नाही. मैनाच्या हाती तिनं पानात बांधून एक मूठ तांदूळ पाठवले, सुंदराच्या अक्षतांसाठी. मुनशीसाहेब, तिच्या घरात त्या दिवशी तेवढेच तांदूळ होते, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. तिनं चुलीवरून काढून ते माझ्या मुलीच्या डोक्यावर टाकायला दिले. मी ते हातात धरून मांडवात उभा राहिलो आणि भटजींनी ‘सावधान’ म्हटलं तरी माझा हात उचलेना.

दहिवलीकरांनी सुनेला नांदवायचं की नाही ते त्यांचं ते बघतील. पाटीलकी जाईल तर जाईल. इसाकनं कुणाही बंडखोराला दाणा पाठवलेला नाही. त्याचा तांदूळ कुठे गेला ते मी सांगतो: माझ्या भावाच्या मुलींच्या पोटात गेला, मी घालायला हवा होता त्याच्या जागी.

इसाक, झालं रे. बोललो आपल्या तोंडानं. आता ये. गाडीच्या चाकांना नवी लोखंडी धाव बसवून घेतली आहे. स्टेशनावर मी स्वतः गाडी घेऊन येतो, चांद्याला आणि पवळ्याला जोडून.

येसाजी भिकाजी, पोलीस पाटील, आंबेखिंड


ता. २० जानेवारी १८७३

इसाक,

आता मधे मुनशी नाही, म्हणून रामराम तुला एकट्याला.

२१ तारखेचं पत्र परत आलं. कुणी फोडलेलं नव्हतं. वर लाल शाईनं लिहिलेलं: कैदी १२ डिसेंबर रोजी मयत. सोबत मला हुकूम, की मयताच्या घरी खबर द्यावी.

१२ तारखेला आमच्या अंगणात लग्नाचे पापड वाळत होते. कावळे फार, म्हणून मी स्वतः काठी घेऊन दिवसभर राखणीला बसलो होतो. तू गेलास तेव्हा मी पापड राखत होतो.

हलिमाभाभीकडे गेलो. या खेपेला घाई नव्हती. ती सूप घेऊन पाखडत बसली होती. मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि डोक्यावरून पदर ओढला. मग म्हणाली, “कायतरी बोलले असतील, येसूभाऊ? माज्यासाटी?”

तेव्हा मला तुझा निरोप आठवला. आठवला कसला, तो गेलाच नव्हता कुठे. मी म्हणालो, मडकं बंद करू नको, असं लिहिलं होतं.

“कंदी?”

“पावसाच्या आधी.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “मी मडकं पालतं घातलं तवापासनं मला वाटतंय, त्यांना राग आला, म्हनून माज्यासाटी शबूद नाय. शबूद व्हता. तुमच्यापाशी व्हता.” एवढं बोलून ती परसात गेली आणि ते मडकं आणून माझ्यापुढे ठेवलं. आत मातीचं घर करून गांधीलमाश्या राहिल्या होत्या. “आता भरून काय करू? न्यायला गाडीवान नाय. आनि कुंपनावर पोतं टांगायची कुनाची छाती हाय आता? पोरं मेली तरी टांगनार नायत.”

खरं आहे ते. मी सगळ्या वाड्या फिरून आलो, एकाही कुंपणावर काही नाही. चुली पेटलेल्या आहेत म्हणून नव्हे.

मग मी ते परत आलेलं पत्र घेऊन कचेरीत गेलो. म्हटलं, माणूस गेला, निदान नाव तरी धुऊन निघावं. कारकुनानं पत्र फोडून वरवर चाळलं. म्हणाला, “मयताची चौकशी बंद झाली, पाटील. दप्तराच्या बांधलेल्या बस्त्यात नवा कागद लावता येत नाही. आणि कशाला आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेता?” पत्र माझ्या हाती परत दिलं, आणि मी पायऱ्या उतरत असताना मागून म्हणाला, “अक्षर मात्र झकास आहे हो तुमचं!”

परवा भर दुपारी, गाव शेतावर गेलं असताना, मी नदीकाठच्या शेताचा तांदूळ एका पोत्यात भरला आणि चंद्रावहिनीच्या दारामागे ठेवून आलो. दार नुसतं ओढलेलं होतं. आत चुलीतली राख गार होती आणि भिंतीला ते रिकामं पोतं घडी घालून ठेवलं होतं. मी चोरासारखा मागे बघत बाहेर पडलो. तिचं शेत घेताना मागे बघितलं नव्हतं. तू वीस वर्षं हे काम करत होतास आणि येताना शीळ घालत यायचास, ते कसं रे?

काल सकाळी उठलो तर पोतं माझ्या कुंपणावर होतं. भरलेलं. मी मारलेली गाठ तशीच होती. तिनं आणि मैनानं मिळून ते एवढं लांब उचलून आणलं असणार, आणि मेढीला दोरीनं बांधलं होतं, पडू नये म्हणून. अन्नाची नासाडी ती होऊ देणार नाही. तुझ्या आईच्या वेळेपासून कुणी भरलेलं पोतं परत केल्याचं मी ऐकलेलं नाही.

ते काढायला माझा हात होत नाही. चिमण्यांनी एक कोपरा उसवला आहे.

हे लिहीत होतो तेवढ्यात आबाजी कुंपणापाशी थांबला. सुंदराला माहेरपणाला घेऊन दहिवलीचे सोयरे आले आहेत, ते ओटीवर पान खात बसले होते. आबाजीनं काठीनं पोतं चाचपलं आणि मोठ्यानं विचारलं, “पाटील, ह्ये भरलेलं पोतं हितं कशापायी टांगलंय वो?”

मी बोरू खाली ठेवला. सोयरे माझ्याकडे बघायला लागले. अंबाबाई आतून दारात येऊन उभी राहिली.

“अर्थ कळत नाही,” मी म्हणालो.

येसाजी